साबणाच्या वडीएवढी उंची

गाडी जमिनीपासून थोडी वर उचलून घ्यायची, एवढंच ठरलं होतं. ठरलं तेव्हा आम्ही चहा पीत होतो, आणि चहा पिता पिता ठरलेली गोष्ट कुठल्या थराला जाईल हे कपात बघून कळत नाही. मला थोडी शंका आली होती. पण मला या घरात येऊन जेमतेम चार महिने झालेत. माझ्या शंका विचारायची पद्धत अजून पडलेली नाही.

आधी गाडीची ओळख करून देते, कारण मानाने ती माझ्या आधी येते. ती पिवळी आहे, दोन माणसांची आहे, आणि इतकी बुटकी आहे की आत बसताना आधी बसायचं की आधी आडवं व्हायचं हे ठरवावं लागतं. स्पोर्ट्स कार. माझ्या नवऱ्याचा तिच्याबद्दलचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे तिचं वजन. ते कसं कमी आहे, कुठला पत्रा कसा पातळ आहे आणि मागची सीट नसल्यामुळे किती फायदा झाला, हे तो दारात आलेल्या कुरियरवाल्यालाही सांगतो. गाडी त्याने आमच्या लग्नाच्या दोन महिने आधी घेतली (सेकंडहँड, पण हा शब्द घरात उच्चारायचा नाही). त्यामुळे सासूबाईंच्या लेखी ती थोरली सून आणि मी धाकटी. हे त्या थट्टेने म्हणतात. पण आभाळ भरून आलं की आधी थोरलीवर कव्हर घातलंय का ते बघतात, आणि मग धाकटीने छत्री नेली होती का ते विचारतात.

थोरलीत खोट एकच. तिचं पोट खाली टेकतं.

आता कॉलनीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरबद्दल. तो माझ्या सासऱ्यांनी घालून घेतलाय. सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि लगेच कॉलनीचे सेक्रेटरी झाले. मुलाने स्पोर्ट्स कार घेतल्याचं कळताच त्यांनी कमिटीत ठराव आणला, की कॉलनीतले तरुण बेफाम गाड्या चालवण्याची दाट शक्यता आहे. (कॉलनीत तरुण एकच आहे. बाकीच्यांचे गुडघे दुखतात.) ठराव एकमताने पास झाला आणि गेटवर एक असा उंचवटा उभा राहिला की त्याला स्पीडब्रेकर म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

या उंचवट्यावरून थोरली एका माणसाला घेऊन जेमतेम पार होते. दोन माणसं बसली की खर्रर्र. तो आवाज आला की माझ्या नवऱ्याचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होतो. म्हणून मग गेटच्या अलीकडे गाडी थांबते आणि तो म्हणतो, "उतर ना जरा."

मी उतरते. पर्स सावरते. उंचवटा चालत ओलांडते आणि पलीकडे थांबलेल्या गाडीत पुन्हा आडवी होते. ऑफिसला जाताना एकदा, येताना एकदा. वॉचमन गाडीसाठी दांडा वर करतो, गाडी गेली की खाली करतो, आणि माझ्यासाठी पुन्हा वर करतो. मी बाजूच्या फटीतून जाईन असं एकदा त्याला म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "नाही मॅडम, तुम्ही गाडीतल्याच. फक्त मागून येता."

हे असंच आयुष्यभर चाललं असतं, पण गेटसमोर तळमजल्यावर एक मावशी राहतात. मावशी म्हणजे सगळ्या कॉलनीच्या मावशी. त्या दिवसभर खिडकीत असतात. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना दिसतं फार. आणि त्यांना चार महिने काय दिसत होतं? नवी नवरी रोज गेटवर गाडीतून उतरते, मान खाली घालून चालू लागते (मी उंचवट्याकडे बघत असते, दोनदा ठेचकाळलेय), नवरा समोर बघत गाडी पुढे काढतो, आणि ती बिचारी मागून लगबगीने जाते.

मावशींची नणंद माझ्या माहेरच्या गल्लीत राहते. पुढचं सांगायला नकोच. आईचा फोन आला.

"खरं सांगशील?"

"काय झालं?"

"तो तुला गाडीतून उतरवतो?"

"हो."

"भर रस्त्यात?"

"गेटवर."

"रोज?"

"जाताना-येताना."

पलीकडे आई खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

"कारण काय सांगतो?"

"वजन," मी म्हटलं.

(इथे मी आणखी दोन-चार वाक्यं बोलायला हवी होती, हे मला आता मान्य आहे. पण मी लहानपणापासून विचारलं तेवढंच सांगते. शाळेत याचं कौतुक व्हायचं.)

"असं तोंडावर म्हणतो तुझ्या?"

"त्यात काय, खरंच आहे ना. माझ्यासकट झेपत नाही."

बराच वेळ आई काहीच बोलली नाही. माझी आई गप्प बसली की शेजारचेसुद्धा चौकशीला येतात. मग मला माझी चूक कळली, आणि मी गाडी, तिचं पोट, उंचवटा, कमिटी असं सगळं भराभर सांगून टाकलं. त्याने काम आणखी बिघडलं.

"झाकू नकोस," आई म्हणाली. "नव्या मुली असंच काहीबाही सांगून झाकतात. मी पण झाकलंय. रविवारी येतोय आम्ही. बाबा पण येतायत."

बाबा कुठेही जात नाहीत. बाबा दाढ दुखली तरी दातांच्या डॉक्टरकडे जात नाहीत.

"आणि बॅग भरून ठेव," आई म्हणाली. "लहानच."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे सगळ्यांच्या कानावर घातलं. नवऱ्याच्या हातातलं बिस्किट कपात पडलं.

"मी तुला वजनावरून गाडीतून उतरवतो?"

"उतरवता ना." (चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. गाडीत अरे.)

"पण ते भौतिकशास्त्र आहे!"

"ते आईला सांगा."

तो सासऱ्यांकडे वळला. "बाबा, स्पीडब्रेकर थोडा खरवडून घेऊ या का? रविवारपुरता?"

"स्पीडब्रेकर कमिटीचा आहे," सासरे म्हणाले. "घरचा नाही."

"मग गाडी वर उचलतो," माझा नवरा म्हणाला. "रविवारी त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही दोघं गाडीत बसून गेटमधून आत येणार. ही उतरणार नाही. हलणारसुद्धा नाही."

खरं सांगते, आईचा गैरसमज राहिला बाजूला, मी त्या वाक्यानेच विरघळले. चार महिन्यांत मी त्या गेटमधून एकदाही बसून आत आले नव्हते. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी मी जड साडीत होते, म्हणून सासूबाईंनीच हात धरून उतरवून घेतलं होतं. तेव्हा मला तो प्रेमाचा प्रकार वाटला होता.

उंची किती वाढवायची हे ठरवायला मोजमाप आलं आणि मोजमाप म्हटलं की सासरे आले. त्यांच्याकडे नोकरीतली टेप आहे. तिचं पहिलं टोक तुटलंय. त्यामुळे येणाऱ्या आकड्यातून एक वजा करायचा, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतात. त्यांनी उंचवटा मोजला, एक वजा केला आणि आकडा सांगितला. नवऱ्याने त्यातून एक वजा केला. "मी केलाय वजा," सासरे म्हणाले. "मग मी परत मिळवतो," नवरा म्हणाला, आणि त्याने दोन मिळवले. मग कुणी काय वजा केलं यावरून गेटवरच जुंपली. मावशी खिडकीत खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"टेप मरू दे," नवरा शेवटी म्हणाला. "वस्तूने मोजू. वस्तू खोटं बोलत नाही."

घरात जाऊन त्याने समोर दिसेल ते उचलून आणलं. फुलपात्र उंच झालं, काडेपेटी बुटकी झाली. शेवटी तो साबणाची एक कोरी वडी घेऊन आला. ती उभी धरली की नेमकी उंचवट्याला खांदा लावून उभी राहायची. काय आनंद झाला त्याला. गाडीच्या पोटाखाली मात्र दोघं बसलेलो असताना ती उभी काही जाईना.

"ही पाहुण्यांची वडी आहे," सासूबाई दारातून म्हणाल्या. "हिच्या आईवडिलांसाठी काढून ठेवलेली."

"त्यांच्याच कामासाठी वापरतोय," नवरा म्हणाला.

ऑफिस सुटल्यावर आम्ही गाडी घेऊन गॅरेजला गेलो. मेकॅनिक दुसऱ्या एका गाडीखाली होता आणि त्याचे फक्त बूट बाहेर होते. कोपऱ्यात हवा भरायचं मशीन घरघरत होतं. नवरा वाकून बुटांशी बोलू लागला.

"ही साबणाची वडी गाडीखालून उभी सरकली पाहिजे. दोघं बसलेले असताना. बरोबर एवढीच जागा हवी. इकडे नाही, तिकडे नाही."

"होईल," बूट म्हणाले. "रिंग फिरवायचं काम आहे. स्प्रिंगखाली रिंग असते. फिरवू तशी गाडी बसते."

माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गाडी वर करायची आहे, असं माझा नवरा कुठेच म्हणाला नाही. त्याला ते सांगण्याची गरजच वाटली नाही. त्या चहापासून तो दुसरा कसला विचारच करत नव्हता, तेव्हा सगळ्या जगाला ते माहीत असणारच.

"वडी कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेवा तिकडे."

तिकडे एक टेबल होतं, ते ऑइलने काळं झालेलं. टेबलाशेजारी बेसिन होतं. माझ्या नवऱ्याने दोन्हीकडे नीट पाहिलं, आणि पाहुण्यांची कोरी, सुवासिक, फुलाचा छाप असलेली वडी गॅरेजच्या बेसिनवर ठेवली.

"अरे," मी म्हटलं, "बेसिनवर नको."

"टेबलावर घाण होईल ती," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

मी काळजी करायची थांबले नाही. बोलायची तेवढी थांबले. माझं हे नेहमी असंच होतं.

रविवारी सकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा मेकॅनिक उभा होता. चेहरा पहिल्यांदाच दिसला. त्याने नवऱ्याशी हात मिळवला. गॅरेजवाल्याचे इतके स्वच्छ हात मी कधी पाहिले नव्हते. आणि त्यांना वास येत होता. ओळखीचा. सासूबाईंच्या कपाटाचा.

"तुमची वडी उभी घालून बघितली," तो म्हणाला. "आमची दोन माणसं बसवून बघितली. नखभर फट नाही. बघायचं असेल तर बघा, कागदात बांधून ठेवलीये."

"नको हो, विश्वास आहे," माझा नवरा म्हणाला.

"रिंग मात्र फार फिरवावी लागली. आजकाल सगळी तरुण पोरं हेच करून घेतात."

"बघ," नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "सगळ्यांना हाच त्रास आहे."

गाडीभोवती एक फेरी मारून तो खूश झाला. "काम इतकं सफाईदार आहे की डोळ्यांना फरकच कळत नाही." मला कळत होता. आत बसताना मी नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली जात राहिले. रस्त्याला लागल्यावर शेजारून स्कूटर गेली, तिचा सायलेन्सर माझ्या कानाशी होता. सिग्नलला एका कुत्र्याने मान खाली करून माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर पडलेल्या बसच्या तिकिटावरचा आकडा मला वाचता आला.

"अरे, आपण खाली गेल्यासारखे नाही वाटत?"

"उंच गाडीत सुरुवातीला तसंच वाटतं," तो म्हणाला. या वाक्याचा अर्थ मी अजून लावतेय.

मेकॅनिकने परत दिलेली कागदाची पुडी माझ्या मांडीवर होती. पुडी फारच हलकी लागत होती. मी ती उघडली. छापाचं फूल गेलं होतं, फुलाखालची वडीही गेली होती. हातातून निसटून मोरीत जावा एवढा साबण उरला होता. पाच दिवस सगळ्या गॅरेजने हात धुतले होते, आणि जे उरलं त्याच्या मापाने, इकडे नाही, तिकडे नाही, नखभरही फट न ठेवता, त्याने थोरली खाली बसवली होती.

"अरे—"

"आता नको. गेट आलं."

गेटवर सगळे होते. सासूबाई, सासरे, आणि त्यांच्यापासून दोन हात अंतर राखून माझे आईबाबा. आईने माझी बॅग धरायला एक हात मोकळा ठेवला होता. वॉचमनने दांडा वर केला आणि प्रसंग ओळखून सलाम ठोकला. मावशींनी खिडकीची दोन्ही दारं उघडली होती.

"बस," नवरा म्हणाला. "अजिबात हलू नकोस. हस थोडी."

मी हसले. खर्रर्र झालंच नाही. धप्प झालं. खर्रर्र व्हायला गाडी उंचवट्यावर चढावी लागते. तिचं नाकच उंचवट्याला जाऊन टेकलं. नवरा समोर बघत राहिला. आणि मग, चार महिन्यांच्या सवयीने, माझ्या आईच्या डोळ्यांदेखत, आईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"उतर."

"ऐकलंत?" आई बाबांना म्हणाली.

मी उतरले. त्याने गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. धप्प. मग तो स्वतः उतरला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. मावशींना ऐकू येत नसल्यामुळे त्या बोलतात मोठ्याने. "अगं, आज तो पण उतरला," त्या घरात कुणाला तरी म्हणाल्या.

सासरे टेप घेऊन गाडीशेजारी गुडघ्यांवर बसले. "किती आलंय सांगू?" ते म्हणाले. "एक वजा केला तर काही उरतच नाही."

मी नुसती पुडी उघडून सगळ्यांसमोर धरली. कागदावरच्या त्या साबणाकडे सासूबाई कितीतरी वेळ बघत होत्या.

"ही माझी पाहुण्यांची वडी?"

मग सगळं बाहेर आलं. नवऱ्याने वडीचं सांगितलं, सासऱ्यांनी टेपचं सांगितलं, सासूबाईंनी दोघांचं सांगितलं, आणि वॉचमनने रोज दोनदा दांडा वर-खाली करून दाखवला. आईच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत होता. पण तो पुढे कुठे जातोय याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

"म्हणजे खरंच गाडीसाठी उतरवत होते?" ती म्हणाली.

"मी फोनवर सांगितलं होतं," मी म्हटलं.

"तू नीट सांगत नाहीस. लहानपणापासूनची सवय."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवू लागलं. गेटबाहेर गाडी ठेवायची सोय नव्हती. तिथे 'वाहने उभी करू नयेत' अशी पाटी आहे आणि पाटीखाली सेक्रेटरी म्हणून सासऱ्यांचं नाव आहे.

"उचलू," माझा नवरा म्हणाला. इतका अपमान झाल्यावरही त्याच्या आवाजात अभिमान होता. "हलकी आहे ती. नाक उचललं की झालं. स्टिअरिंगला फक्त कुणीतरी बसा."

"वजनाने हलकं हवं," सासरे म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका." आई म्हणाली, "हिलाच बसवा की. एवढे दिवस उतरवलंत." त्या बोलण्यात टोमणा होता, पण नवरा तो प्रस्ताव समजला आणि त्याने दार उघडून धरलं.

मी आत आडवी झाले. पुढे नवरा आणि सासरे, बाजूंना बाबा आणि वॉचमन, मागून ढकलायला आई. (सासूबाई वडी धरून उभ्या होत्या.) सासरे सूचना देत होते, "हळू, स्पीडब्रेकरला धक्का लावू नका, नवा रंग आहे." बाबा दिवसभरात पहिलं वाक्य बोलले. ते "आई गं" होतं. गाडी वर आली, डुलली, आणि चौघांच्या हातांवरून उंचवट्याच्या पलीकडे उतरली. मागच्या बाजूला आणखी एकदा तेवढाच प्रकार झाला.

आणि मी गेटमधून आत आले. बसून. दोन्ही घरची माणसं घाम पुसत असताना मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. मला तो क्षण अजून थोडा लांबला असता तरी चाललं असतं.

वर आल्यावर सगळ्यांचे हात काळे. सासूबाईंनी बेसिनवर तोच उरलेला साबण ठेवला. "पाहुण्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. आईने हात धुतले. जावई टॉवेल धरून उभा होता. आईने एक हात कमरेवर ठेवून सावकाश पाठ सरळ केली, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "मनात काही ठेवू नका. आम्हाला काय कल्पना होती. तुम्ही उतरवत जा हिला. दोन्ही वेळा. बिनधास्त."

बॅगेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मीच ती गुपचूप रिकामी केली. निघताना आई मावशींच्या खिडकीशी बराच वेळ उभी होती. मोठमोठ्याने काहीतरी समजावत होती. मला बरं वाटलं, की निदान कॉलनीतला गैरसमज तरी दूर होतोय.

मेकॅनिकने रिंग उलटी फिरवून गाडी होती तशी करून दिली; त्याहून वर रिंग जातच नाही म्हणाला. एका माणसाला घेऊन ती पुन्हा जेमतेम पार होऊ लागली. पहिल्याच संध्याकाळी आम्ही गेटशी येऊन थांबलो. नवऱ्याला माझ्याकडे बघायचा धीर होत नव्हता. तो घसा खाकरत होता. मला त्याची दया आली. म्हटलं, आज बसूनच राहावं. होऊ दे खर्रर्र.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली.

"अगं उतर की," मावशी साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आई काय सांगून गेलीये?"